क्रीमर्सचा पाचवा फेकणारा

सेंट ओडिल, मिनेसोटा
१४ मे २०१७, रविवार

लू,

पाकीट उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. पूर्वीची पत्रं तू न उघडताच परत पाठवायचीस, म्हणून या वेळी टेसाकडून पत्ता लिहून घेतला, माझं अक्षर बाहेर दिसू दिलं नाही. आत मात्र माझंच आहे. आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा चुका असतील. काढत बसू नकोस, सिस्टर हिल्डेगार्डनी काढल्या तेवढ्या पुरेत.

टेसा म्हणजे माझ्या डॉनची मुलगी. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळते, फेकते. मुलीनं हात फिरवला की पलीकडच्या पोरी डोळे मिटूनच घेतात. घरात हे रक्त कुठून आलं म्हणून डॉनची बायको विचारते, मी आपली पाय (खायचा पाय, सफरचंदाचा) कापते. तर टेसानंच तुला शोधलं. म्हणाली, "ग्रॅमा, अ‍ॅरिझोनातली ही बाई तुझी बहीण का? अंगणात निवडुंग आहे बघ." कॉम्प्युटरवर घराचा फोटो होता, रस्त्यावरून कुणीतरी काढलेला. दार लावलेलं, पडदे ओढलेले. मी बघत बसले. शेवटी टेसा म्हणाली, "ग्रॅमा, तो फोटो आहे. त्यातून कुणी बाहेर येणार नाही." मला काय ते कळत नव्हतं? तरी बसले.

आता बातमी. या ऑगस्टमध्ये आपल्या बेसबॉलच्या क्रीमर्सना शंभर वर्षं होतायत. शंभर! लोण्याची क्रीमरी बंद पडली, शाळा गेली, डबक्यासारखं गाव झालंय, पण संघ आहे. मैदान पण तेच, मागच्या कुंपणाला लागून मका, होमरन गेला की चेंडू कापणीलाच सापडतो. तर ठरलं असं, की शंभर वर्षांतले पाच फेकणारे निवडायचे. सर्वांत चांगले पाच. मोठमोठ्या संघांचे असतात ना, आज हा, उद्या तो, मग परत पहिला, तसे पाळीचे पाच. क्लीटस म्हणाला, आपल्याकडे एका वेळी दोन असले तरी चैन वाटायची, त्यातला एक गवत कापायला गेलेला असायचा, पाच आणायचे कुठून? क्लीटस आठवतो ना? कॅचर, तुटक्या बोटांचा. अजून आहे. अजून तसाच तोंडाळ.

निवडायला पाच माणसं नेमली. मार्लिस, जिचं मुख्य रस्त्यावर बार आणि ग्रिल आहे, ती प्रमुख. क्लीटस. दोघे थेल्मन भाऊ, जे एकमेकांशी कधीच सहमत होत नाहीत. आणि पाचवी कोण? मी! लू, मी! आयुष्यभर या संघाचे कपडे धुतले, पाय विकले, रविवारी उन्हात बसून नाकाचं सालपट काढून घेतलं, त्याचं चीज झालं बघ. घरी आल्यावर आरशात स्वतःला म्हटलं, व्हर्ना हॉफबेक स्टोल्ट्झ, तू निवड समितीवर आहेस. मग हसायला आलं आणि सांगायला कुणी नव्हतं. आल्विन जाऊन सहा वर्षं झाली. म्हणून तुला लिहिते.

समारंभ तेरा ऑगस्टला आहे. ये म्हणत नाही. नुसतं कळवते.

व्हर्ना

•

११ जून, रविवार

लू,

उत्तर नाही. बरं. पत्र परतही आलेलं नाही, मी रोज पोस्टमनच्या आधी पेटीशी असते. तो म्हणतो, मिसेस स्टोल्ट्झ, तुम्हाला कुणी लॉटरी कळवणार आहे का? मी म्हटलं, तसंच काहीसं.

चार नावं ठरली. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या गावात यातली गंमत कळणारी माणसं आता मोजकीच.

पहिला लिअँडर ग्रॉफ. त्यावर भांडणच नाही, थेल्मन भाऊसुद्धा एकाच वेळी मान हलवते झाले. आपण लहान होतो, पण पपांच्या तोंडून किती ऐकलंय. पहाटे सगळ्या गाई पिळून यायचा, म्हणून त्याची बोटं अशी की चेंडू हातातून सुटताना आवाज यायचा म्हणे. युद्धावरून परत आला नाही. पपा त्याचं नाव घेताना टोपी काढायचे, घरात जेवायला बसलेले असले तरी. टोपी नसली तर केसांवरून हात फिरवायचे.

दुसरा व्हायटी हॉल्झर. हळू फेकायचा. इतका हळू, की फलंदाज बॅट फिरवून रिकामा व्हायचा आणि मग चेंडू यायचा. क्लीटसच्या बापानं सांगितलेलं, की व्हायटीचा चेंडू वाटेत थांबून हवापाणी विचारतो.

तिसरा फादर अर्बन! तुझा लाडका. मी मार्लिसला म्हटलं, पाद्री चालतो का? ती म्हणाली, फेकता येत असेल तर सैतानही चालेल. त्यांच्याबद्दल शेजारगावचे बर्गडॉर्फवाले काय ओरड करायचे आठवतं? शनिवारी आमच्या पोरांची कबुली ऐकतात, कोण रात्री किती प्याला ते कळतं, आणि रविवारी त्यालाच खांद्याजवळून चेंडू टाकतात. बिशपकडे तक्रार गेली होती. बिशपनी विचारलं म्हणे, जिंकलं कोण?

चौथा ट्रॅव्हिस मेयर. तुझ्या माघारीचा. राज्याचा कप घेऊन आला, आता गॅसच्या टाक्यांचा ट्रक चालवतो. नाव ऐकून लाजला आणि माझ्या घरची टाकी भरताना चुकून शेजारच्या घराकडे पाइप ओढायला लागला.

आणि पाचवा. पाचव्यापाशी अडलं.

लू, इथं त्याचं नाव कुणी घेत नाही. 'तो डावखुरा' म्हणतात. 'एकसष्ट सालचा'. माझ्यासमोर तर तेही म्हणत नाहीत. पण त्या दिवशी मार्लिसनं कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "कुणीतरी म्हणायलाच पाहिजे, म्हणून मी म्हणते. डेल रिटर." मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. चुलीवरून दूध उतू जावं तसा. तुझ्या नवऱ्याचं नाव आपल्या गावात मोठ्यानं, दिवसाढवळ्या.

तो कसा आहे? तब्येत कशी आहे? तुम्हाला मुलं किती? टेसाला ते सापडलं नाही.

रबार्बचे आंबट देठ खूप आलेत. ओळीतलं शेवटचं झाड अजून तेच, आईनं लावलेलं. ते मरत नाही आणि मी त्याला काढत नाही.

व्हर्ना

•

५ जुलै, बुधवार

माझी लू,

कार्ड आलं! पेटीपाशीच उभी राहून वाचलं. वाचायला फार नव्हतंच म्हणा, एक ओळ. 'डेलचं नाव त्यात असेल तर येण्याचा विचार करू.' मी ते टेसाला दाखवलं, डॉनला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं. पोस्टमन म्हणाला, एवढ्यासाठी? मी म्हटलं, तुम्ही एकुलते एक असाल.

अक्षर अजून तसंच उजवीकडे झुकलेलं, जणू कुठंतरी निघालंय.

आता खरं सांगते. पाचव्या नावावर दोन-दोन झालं. मार्लिस आणि थोरला थेल्मन म्हणतात, डेल. क्लीटस आणि धाकटा म्हणतात, आल्विन. होय, माझा आल्विन. राहिली मी. एक माझा नवरा, एक तुझा. मी म्हटलं, मला सोडा, मी बसते बाजूला. मार्लिस म्हणाली, "व्हर्ना, तुला इथं पाय आणायला बोलावलेलं नाही." म्हणजे मत द्यायलाच हवं. एकवीस जुलैला.

तर आता सगळं तुझ्या बाजूचं आहे. माझ्या एका शब्दावर तू घरी येतेस. कधी मिळालंय का मला इतकं सोपं काही?

पण त्याआधी एक गोष्ट बोलायची राहिलीय. इतकी वर्षं पत्रं परत येत होती, म्हणून राहिली. त्या रविवारची.

तू बाकड्यामागे होतीस, मी वर पपांजवळ, त्या नावं पुकारायच्या लाकडी खोक्यात. त्यांचा मायक्रोफोन, त्यांची पेपरमिंटची डबी, आणि चिठ्ठ्यांवर लिहिलेलं, कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिलेत, कुणाची गाय रस्त्यावर आलीय. सातवा डाव संपला, तेव्हा बर्गडॉर्फच्या एकालाही डेलला फटका मारता आला नव्हता. एकालाही. साऱ्या मैदानाला माहीत होतं आणि सारं मैदान तोंड मिटून होतं. तुला सांगायला नको, अशा वेळी ते म्हणायचं नसतं. फेकणाऱ्याशी बोलायचं नसतं. बाकड्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी सोडतात. पाय विकणाऱ्या बायकांनीही हातातला चमचा खाली ठेवला नव्हता. मी पायावर पाय टाकून बसले होते, बधीर झाला तरी काढला नाही. म्हटलं, माझ्या पायानं नाट लागायला नको.

आणि पपा म्हणाले. लाउडस्पीकरवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पुढच्याच चेंडूला बर्गडॉर्फच्या त्या पोरानं नुसती बॅट लावली आणि चेंडू मऊमऊ जाऊन गवतात पडला. डेलनं हातमोजा खाली टाकला, फेकायच्या टेकाडावरून उतरला, आणि चालत गाडीपर्यंत गेला. तू त्याच्यामागून. पिवळा फ्रॉक होता तुझा. आठवड्यानं तो बर्गडॉर्फच्या कपड्यांत आमच्याविरुद्ध उभा होता आणि तू फोनवर मला म्हणालीस, पपांनी मुद्दाम केलं. त्यांना डेल नको होता, म्हणून त्यांनी त्याला नाट लावला.

लू, त्या सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर डेलनं पपांना तुझ्याशी लग्नाचं विचारलं होतं, आणि पपा म्हणाले होते, "बघू." तुम्ही दोघांनी त्याचा अर्थ नाही असा घेतलात. अगं, तू त्यांची मुलगी ना! आईनं फ्रिज मागितला तेव्हा काय म्हणाले? बघू. शनिवारी फ्रिज दारात. मी सायकल मागितली, बघू. त्या माणसाच्या तोंडून 'हो' कधी आलंय का? त्यांचं 'नाही' कसं असायचं? उठून गोठ्यात जायचे. तुझ्या डेलसमोरून ते उठून गेले का?

आणि लाउडस्पीकरवर ते काय म्हणाले, त्यातलं शेवटचं तेवढं तू ऐकलंस. सगळ्यांनी शेवटचंच ऐकलं. मी त्यांच्या कोपराला कोपर लावून बसले होते. पपा कसे बोलायचे? 'क्रीमर्सकडून, रिटर, पंधरा नंबर.' संपलं. आपला चुलतभाऊ खेळायचा तेव्हाही 'हॉफबेक, सात नंबर'. माइकपाशी बसलेल्या माणसाला आपलं-परकं नसतं, असं म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी पेपरमिंट गालात सरकवलं, माइक जवळ घेतला आणि म्हणाले, "लोकहो, आमच्या डेलनं अजून एकालाही फटका मारू दिलेला नाही."

आमच्या. त्यांना तो शब्द म्हणायचा होता, लू. सगळ्या गावासमोर. पुढचं वाक्य त्याला जोडून आलं, कारण नुसतं 'आमचा डेल' म्हणून माणूस थांबणार कसा? जावई पसंत आहे, हे सांगायला त्यांच्याकडे दुसरी रीत नव्हती. चेंडू गवतात पडला तेव्हा त्यांनी माइक बंद केला आणि पुन्हा कधी त्या खोक्यात चढले नाहीत. कुणी दोष दिला की ऐकून घ्यायचे. मी सांगायला जायची, तर उठून गोठ्यात.

मी मुद्दाम हे मतदानाच्या आधी लिहिते. नाव डेलचं आलं म्हणून येऊ नकोस. हे ऐकून ये.

चार तारखेला परेड झाली. टेसा अग्निशामक गाडीवर उभी राहून पोरांना चॉकलेटं फेकत होती, वळणारी.

तुझी
व्हर्ना

•

२४ जुलै, सोमवार

लू,

दोन दिवस पेन घेऊन बसले आणि दोन्ही दिवस शेवटी लोणची घातली. काकडीच्या इतक्या बाटल्या झाल्यात की जिन्यात ठेवायला लागल्या. आता लिहिते.

मार्लिसच्या बारमधल्या मागच्या टेबलावर बसलो. मी डेलचं नाव घ्यायचं ठरवूनच गेले होते. घरून निघताना मोठ्यानं म्हणूनही बघितलं होतं, फ्रिजसमोर. मार्लिसनं विचारलं, "व्हर्ना?" आणि मी तोंड उघडलं आणि आल्विन बाहेर आला.

थोरला थेल्मन म्हणाला, डेलसारखा दुसरा कुणी त्या टेकाडावर उभा राहिला का, सांग. मी म्हटलं, नाही. कधीच नाही. त्या दिवशी सातव्या डावापर्यंत मी जे पाहिलं, ते पुन्हा कुणाकडून पाहिलं नाही. एक दिवस निवडायचा असता, तर डेल. पण आपण पाळीचे पाच निवडतोय. पाळीच्या माणसाचं काम काय? आपला रविवार आला की यायचं. हात दुखतोय, गवत कापायचं राहिलंय, बायको घरी तणतणतेय, तरी यायचं. मागच्या रविवारी हरलास तरी यायचं. त्या दिवशी डेल गाडीपाशी गेला तेव्हा चेंडू कुणी उचलला? मैदानाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या आल्विननं. त्यानं आयुष्यात कधी फेकलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, कुणीतरी फेका रे, आणि सगळे बुटांकडे बघायला लागले. हा आला. उकडलेल्या बटाट्यासारखे चेंडू टाकले, आणि डाव पुरा केला. आपण जिंकलो, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आणि मग पुढच्या रविवारी आला, आणि त्याच्या पुढच्या, आमची सगळी मुलं झाली तोवर येत राहिला. जिंकला त्यापेक्षा जास्त हरला असेल. पण क्रीमर्सकडे फेकायला माणूस नाही म्हणून सामना रद्द झालाय, असं त्या सगळ्या वर्षांत एकदाही झालं नाही.

क्लीटस, जो माझ्याच बाजूचा होता, तोच म्हणाला, "व्हर्ना, स्वतःच्या नवऱ्याला मत देतेस, लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, "जिवंत होता तोवर कधी चांगलं म्हटलं नाही त्याला. आता एकदा म्हणू दे."

मग टेबलाखाली रुमाल शोधायला लागले, तो खाली पडलेलाच नव्हता.

तर झालं. आल्विन पाचवा. मी घरी चालत आले. क्लीटसनं गाडीतून सोडतो म्हटलं, नको म्हटलं. चालताना एकच येत होतं मनात, की मी माझ्या हातानं तुला दार लावलं. नुसतं एक नाव घ्यायचं होतं. कोण विचारणार होतं? शंभर वर्षांतले निम्मे लोक कबरीत आहेत. पण लू, बेसबॉलमध्ये खोटं बोलले असते आणि तू आली असतीस, तर तू शेजारी बसून पहिल्याच डावात माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतंस. आपण त्या बाकावर बसून मोठ्या झालेल्या. तुला काय मी फसवणार?

राग कर. पण ये. डेलसाठी नको, समारंभासाठी नको. तुझ्या खुर्चीसाठी ये, मी अजून कुणाला तिथं बसू देत नाही. लोकांना वाटतं आल्विनची ठेवते. आल्विन कधी बसलाच नाही माझ्याजवळ, तो मैदानावर असायचा.

व्हर्ना

•

१४ ऑगस्ट, सोमवार

लू,

तुझं पाकीट गुरुवारी आलं. जाड होतं, म्हणून आधी घाबरले. शिक्का बघितला तर एकवीस जुलैचा. कुठल्या तरी चुकीच्या गावाला जाऊन आलं होतं, पाकिटावर दोन ठिकाणी लाल शाईनं खोडलेलं. म्हणजे इकडे मी मार्लिसच्या टेबलाशी बसले होते, त्याच दिवशी तू तिकडे ते पेटीत टाकलंस. माझं मत तुला तोवर कळलेलं नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होते, कारण आतला कागद खरा वाटेना.

डेलचं अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं. डावखुऱ्याचं, शाई पुसत गेलेलं. त्यानं आपले पाच लिहून पाठवले होते. लिअँडर. व्हायटी. फादर अर्बन. मग त्यानं कुण्या मेयरचं नाव ऐकलंय म्हणून लिहिलंय, बरोबर आहे, तोच. आणि पाचवा, 'आल्विन स्टोल्ट्झ. मी टाकून आलेला डाव त्यानं संपवला, हे मला पुढच्याच रविवारी त्याला फेकताना बघून कळलं, इतकी वर्षं मी ते कुणाला बोललो नाही. लुएलाला वाटतं मी माझं नाव लिहावं. मी त्या टेकाडावरून उतरलो. उतरलेल्या माणसाचं नाव लिहीत नाहीत.'

खाली तुझं. की तुला राग आला होता, की तू त्याच्या हातातून कागद ओढून घेतलास, म्हणालीस स्वतःचं नाव घाल, आणि तो ऐकेना. तू म्हणतेस, म्हातारा झाला तरी हट्टी आहे. मी म्हणते, चांगला माणूस निवडलास गं. पपांना ते त्या सकाळीच दिसलं होतं.

आणि त्याखाली, की त्याला आता नाकात नळी लागलीय, घराबाहेर पडणं होत नाही, आणि त्याला टाकून तू येऊ शकत नाहीस.

हे मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं आणि मग खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवरच. टेसा धावत आली, तिला वाटलं पडले.

आता कालचं सांगते. गर्दी इतकी, की गाड्या मक्यात लावल्या. बर्गडॉर्फवाले पण आले, त्यांच्याशीच मॅच होती, शिव्या तशाच. सहाव्या डावानंतर मार्लिसनं नावं वाचली. आल्विनच्या नावाला डॉन उभा राहिला आणि आपल्या बापासारखाच, हात कुठं ठेवायचे ते न कळून, परत बसला. मग क्लीटसनं माइक घेतला. मी त्याला कागद दिला होता. त्यानं डेलनं लिहिलं होतं ते वाचलं, सगळं, शेवटपर्यंत. त्याचा आवाज मध्येच गेला, तो म्हणाला, ऊन लागलंय, आणि परत वाचायला लागला.

टाळ्या झाल्या नाहीत. म्हातारे होते तेवढे उभे राहिले, एवढंच. माझ्या मागच्या बाकावरची बाई, जिनं इतकी वर्षं 'तो डावखुरा' म्हटलं, ती शेजारणीला म्हणाली, "डेल रिटरचा काय वळायचा चेंडू." नुसतं असं. जसं काही तो कालपर्यंत फेकत होता. मला वळून बघावंसं वाटलं नाही, तोंड कसं झालं असेल माझं. तुझी खुर्ची रिकामीच ठेवली. क्लीटस टेकायला आला, म्हणाला पाय गेले, तर त्याला मी उठून माझी दिली.

मॅच हरलो. त्याचं काय.

तू विचारलंस, पपा खरंच 'आमचा' म्हणाले का. तीनदा विचारलंस एकाच पानात. म्हणाले. माझ्यावर विश्वास नसेल, म्हणून काल क्लीटसला विचारलं. तो तेव्हा फलंदाजामागे बसलेला, लाउडस्पीकर त्याच्या डोक्यावर. तो म्हणाला, "हो, म्हणाला. मी चमकलो. म्हटलं रोमन हॉफबेकला काय झालं आज." त्यालाही कधी कुणी विचारलं नव्हतं.

आता ऐक. तू येऊ शकत नाहीस, हे मला कळलं. मग मी येते. टेसानं विमानाचं तिकीट काढलंय, पाच सप्टेंबर, मंगळवार. मी आयुष्यात विमानात बसलेले नाही. डॉन म्हणतो, मम्मी, गाडीनं नेतो, तीन दिवसांत पोचू. मी म्हटलं, तीन दिवस वाया कशाला घालवू, इतकी वर्षं घालवलीत तेवढी पुरेत. टेसा विमानतळापर्यंत येईल, पुढे मी एकटी. तिथं निळ्या कपड्यातली माणसं पिशवी उघडून बघतात म्हणे. बघू देत. लोणची आहेत. टेसा म्हणते, बाटलीतलं पाणी काढून घेतात. मी म्हटलं, मग काकड्या कोरड्या नेते.

काही आणू का, ते सांगू नकोस, मी आणणारच. डेलला उगीच उठवू नकोस, मी त्याच्या खाटेशी येईन. त्याला म्हणावं, ट्रॅव्हिस मेयरबद्दल सगळं सांगते.

एकच सांगून ठेवते, नाहीतर विमानतळावर गोंधळ व्हायचा. मला शोधताना तू त्या जुन्या व्हर्नाला शोधशील, वेणीवाल्या. ती नाही येणार. केस गेले, कपाळ वर चढलं, भुवया जाड झाल्या, आणि गेल्या काही वर्षांत मी अगदी पपांसारखी दिसायला लागलेय. सगळे म्हणतात. काचेत बघून माझं मलाच दचकायला होतं. तेव्हा दारातून पपा चालत येताना दिसले, तर तोंड फिरवू नकोस, लू. मीच असेन.

व्हर्ना